नित्याचं ग्राफिक कार्ड

पाऊस सरलेला असतो आणि दिवाळी अजून यायची असते, त्या मधल्या दिवसांना आमच्याकडे धड नाव नाही. लोक ऑक्टोबर हीट म्हणतात आणि मोकळे होतात. पण पालघरपासून तारापूरच्या किनाऱ्यापर्यंत हे दिवस नुसत्या उन्हाचे नसतात. आतल्या गावांत भात पिवळं पडून वाकलेलं असतं. किनाऱ्याला मोसमातले पहिले बोंबील दोऱ्यांवर चढतात. आणि या दोहोंच्या मधे बोईसर. तिथं संध्याकाळी वारा पडला की कारखान्यांचा आंबूस, घशाला धरणारा वास खाली बसतो आणि सुकत्या माशांच्या वासात मिसळतो. नवा माणूस नाकाला रुमाल लावतो. मी आता कोळगावच्या बाजूला राहते. इथवर तो वास पोचत नाही. तरी दर वर्षी या दिवसांत गॅलरीत उभी राहिले की मला तो येतो.

यंदाही आला. त्याच संध्याकाळी सुट्टीवर घरी आलेल्या माझ्या मुलीनं, ईरानं, जेवणाच्या टेबलावर आपला कॉम्प्युटर उघडून ठेवला होता. स्क्रू एका वाटीत, वाटीशेजारी लोणच्याची बरणी. फोनवर मैत्रिणीशी तिची चर्चा चालली होती. नवा गेम अडखळत चालतोय, सगळं बदलणं परवडायचं नाही, तर आधी काय बदलावं. मधेच फोन बाजूला धरून तिनं मला विचारलं, "आई, एकच गोष्ट बदलायची असली तर तू काय बदलशील?"

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली आणि पुन्हा फोन कानाला लावला. माझ्या उत्तराची तिलाही अपेक्षा नव्हती. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडच्या एका वर्षी, अशाच दिवसांत, आमच्या बोईसरच्या दोन खोल्यांत याच एका प्रश्नाखेरीज दुसरं काही बोललं जात नव्हतं. एवढंच की तो प्रश्न दिसायला कॉम्प्युटरचा होता.

मी शुभा, आणि माझा धाकटा भाऊ नितीन. घरात नित्या. दुसरीत असताना तो पळता पळता पडायला लागला. आई आधी त्याच्या चपलांना दोष द्यायची, मग फरशीला, मग शाळेच्या मैदानाला. मग तो जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकवून स्वतःला वर ढकलायला लागला आणि दोष द्यायला काही उरलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि औषध नाही हेही सांगितलं. स्नायू विरत जातात. आधी पाय, मग हात, शेवटी छाती. ही मुलं फार तर विशीपर्यंत, असं त्यांनी बाबांना व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं. बाबांनी ते आईला सांगितलं, आईनं काही वर्षांनी मला. नित्याला कुणीच सांगितलं नाही. घरात एक कपाट असावं आणि ते कधीच उघडायचं नाही असं ठरलेलं असावं, तसे आम्ही त्या गोष्टीला वळसा घालून वावरायचो.

बाबा मूळचे सांगलीकडचे. रंग तयार करणाऱ्या कारखान्यात ऑपरेटर होते. ज्या रंगाची पाळी असेल त्या रंगाचा त्यांचा बनियन व्हायचा, आणि आई तो धुवायला बसली की मोरीतून कधी निळं पाणी वाहायचं, कधी लालभडक. बोलणं बेताचंच. कारखान्याच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा निकालात निघालेल्या जुन्यांपैकी एक त्यांनी साहेबांकडे मागितला. कधी कुणाकडे काही न मागणारा माणूस. कसं मागितलं असेल देव जाणे. रिक्षातून ते तो घेऊन आले, मॉनिटर चादरीत गुंडाळून मांडीवर धरलेला, एखादं तान्हं मूल आणावं तसा. खोलीत ठेवून म्हणाले, "नित्या, हा तुझा. मला यातलं काही विचारू नकोस." आणि खरंच, त्यानंतर त्यांनी त्याला कधी हात लावला नाही. धूळ पुसायलासुद्धा नाही.

त्या यंत्राला आमची हवा मानवली नाही. खारट, दमट, वर कारखान्यांची वाफ. आतल्या पट्ट्यांवर गंज धरायचा आणि ते सुरूच व्हायचं नाही. मग कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवलं गेलं. समोर टेबलफॅन लावला. अडून बसलं की रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासायचा आणि पुन्हा बसवायची. हे काम हरेश करायचा, कारण नित्याचे हात तोवर खांद्याच्या वर जात नव्हते.

हरेश किनाऱ्यावरच्या दांडी गावचा. कोळ्याचं पोर. शाळेसाठी बोईसरला मामाकडे राहायचा आणि पाचवीपासून नित्याच्या बाकावर बसायचा. आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला तेव्हा हेडमास्तरांनी बाबांना बोलावून घेतलं होतं. जिना आहे, आमचा नाइलाज आहे, असं काहीसं बोलणं चाललेलं असताना हरेशनं दारातून सांगितलं, "मी नेतो त्याला." आणि दहावीपर्यंत त्यानं नित्याला पाठीवर घेऊन तो जिना चढवला. दहावीला हरेश नापास झाला, नित्या पास झाला, आणि दोघांचीही शाळा एकदमच सुटली. हरेश दांडीला जाऊन बापाच्या होडीवर लागला. नित्या खिडकीशी बसला.

पण होडी किनाऱ्याला असली की हरेश सायकल मारत बोईसरला यायचा. आधी बाजारात आईला भेटायचा. त्याची आई, मथुराबाई, आमच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि आमची आई तिच्याच पाटीतून मासे घ्यायची. तिथून तो आमच्याकडे. दारातूनच ओरडायचा, "काकी, बोंबील हाय, ताजं! नित्या, चालू कर!" हाफ पँटच्या खिशात सीडी, अंगाला माशाचा आणि डिझेलचा वास. आई त्याला आधी हात धुवायला लावायची.

ते एक गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचे. समुद्राच्या कडेनं जाणारा घाटाचा रस्ता आणि त्यावर लाल गाडी. आमच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर तो रस्ता पायऱ्यापायऱ्यांचा दिसायचा, झाडं म्हणजे हिरवे ठोकळे, आणि जिथं समुद्र असायला हवा तिथं एक सपाट निळा पट्टा. वळणावर चित्र थांबायचं. सुटायचं तोवर गाडी दरीत.

दसऱ्याच्या सुमारास बाबांनी जेवताना सांगितलं, "यंदा दिवाळीला त्या कॉम्प्युटरचं काहीतरी एक करून घेऊ. एकच. काय ते ठरवा."

झालं. घराला विषय मिळाला. हरेश आणि नित्या गॅलरीत बसून वाद घालायचे आणि मी आत कॉलेजचं पुस्तक उघडून ऐकत बसायचे.

"मी सांगतो, ग्राफिक कार्ड. त्यानी सगळा चकाचक दिसल," हरेश म्हणायचा.

"चकाचक दिसेल पण अडकेलच. आधी रॅम पाहिजे."

"मग आवाजाचा कार्ड? गाडीचा आवाज तरी येल. मुकी गाडी पळवतो आपण."

"आवाज तू तोंडानं काढतोस की."

मग हरेश तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचा, शेजारच्या काकू डोकावायच्या, आणि नित्या हसायचा. हसताना त्याचं डोकं मागे जायचं आणि ते पुन्हा सरळ करायला कुणीतरी उठावं लागायचं. त्या वर्षापर्यंत तसं नव्हतं.

स्टेशनजवळच्या दुकानातून तिवारी नावाचे गृहस्थ कॉम्प्युटर बघायला आले, ती दुपार मला चांगली आठवते. उन्हानं खोली तापली होती. त्यांनी बॅटरी मारून आतलं सगळं पाहिलं आणि म्हणाले, "देखो बेटा, प्रोसेसर बदलना बेकार है. ये बोर्ड ही पुराना है, नया कुछ पकड़ेगा नहीं. रॅम डाल सकते हैं, कार्ड डाल सकते हैं. बस."

नित्या शांतपणे म्हणाला, "तिवारीजी, मेरा भी वही है. बोर्ड ही पुराना है."

तिवारींना ते कळलं नाही. ते हसले. आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती तशीच वळून स्वयंपाकघरात गेली आणि चहा बाहेर यायला फार वेळ लागला. माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं की त्याला सगळं माहीत आहे. पण घरातली माणसं एकमेकांचं बोलणं ऐकतात, तेव्हा बहुतेक वेळा सोयीचं तेवढंच ऐकतात.

त्याच संध्याकाळी बाबा पाळीवरून आले. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, काय ठरलं. मी म्हणाले की तिवारी म्हणतात रॅम घेतली तर सगळ्याच कामाला उपयोगी पडेल, ग्राफिक कार्ड नुसतं खेळायला.

"मग रॅमच घेऊ," बाबा म्हणाले. "नुसत्या खेळात पैसे कशाला घालायचे? रॅम असली की नंतर शुभालाही कॉम्प्युटर कोर्सला होईल."

खोलीत फॅनचा आवाज होता. नित्यानं विचारलं, "नंतर म्हणजे कधी, बाबा?"

बाबांचा कप तोंडाशी थांबला.

"नंतर म्हणजे... असंच. पुढं."

"मी नसेन तेव्हा?"

आईनं "नित्या!" म्हणून हाक मारली, ती हाक कशीतरीच निघाली. नित्या चिडलेला नव्हता. रडतही नव्हता. तो बाबांकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर एखाद्याला अवघड गणित समजावून सांगतानाचा धीर होता.

"बाबा, शुभाला कोर्सला काय लागेल ते तिला नंतर घ्या. मला असं काहीतरी घ्या, की जे माझ्यामागे कुणाच्याच कामाचं नसेल. फक्त माझंच. मला ग्राफिक कार्ड पाहिजे."

बाबा उठले आणि चप्पल न घालता खाली उतरले. काही वेळानं मी गेले तर ते इमारतीच्या मागच्या नाल्याच्या कठड्यावर बसले होते. नाल्याचं पाणी त्या दिवशी जांभळं होतं.

"त्याला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही, बाबा."

"मग?"

आपल्याच शरीरातून रोज काहीतरी कमी होत असताना ते कुणी वेगळं सांगावं लागतं का? पण बाबांना ते त्या वेळी सांगणं शक्य नव्हतं. ते म्हणाले, "मी तसं म्हणून बोललो नव्हतो गं." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "तसंच म्हणून बोललो."

कार्ड दिवाळीच्या आधी आलं. वसुबारसेला तिवारींनी ते बसवलं. हिरवी पट्टी, तिच्यावर काळे चौकोन, बोटभर लांबीचा पंखा. एवढीशी वस्तू. हरेशला निरोप गेला होता. तो सायकलवरून धापा टाकत आला. गेम सुरू झाला आणि आम्ही सगळेच, आईसुद्धा, पडद्याकडे बघत राहिलो. झाडांना पानं फुटली होती. रस्त्यावर गाडीची सावली पडत होती. आणि त्या निळ्या पट्ट्याच्या जागी पाणी होतं, उन्हात चमकणारं, हलणारं पाणी.

नित्यानं गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. शर्यत चालू असताना. बाकीच्या गाड्या निघून गेल्या.

"काय रं? पळव ना!" हरेश म्हणाला.

"थांब. बघू दे."

नित्या समुद्रावर गेल्याला बरीच वर्षं झाली होती. बोईसरहून समुद्र तो कितीसा लांब! पण चाकाची खुर्ची वाळूत रुतते, बाबांच्या पाळ्या असतात, रिक्षात त्याला नीट बसता येत नाही, असं करत करत ते राहूनच गेलं होतं. आम्हाला कुणाला ते राहून गेल्याचं तोवर जाणवलं नव्हतं.

हरेशनं पडद्याला नाक लावून पाणी नीट पाहिलं. "पाणी असा नसतो," तो म्हणाला. "लाटा सगळ्या सारख्याच हायत. बोगस हाय."

"तुला खरं बघायला मिळतंय म्हणून बोगस," नित्या म्हणाला. दोघं हसले. आईनं चकल्यांचं ताट आणून ठेवलं. ती दिवाळी आमच्या घरातली शेवटची बरी दिवाळी होती.

नवी वस्तू आणली की तिच्यापुढे जुन्या वस्तूचं जुनेपण उघडं पडतं. कार्ड आलं आणि मग लक्षात आलं की रॅम खरंच कमी आहे, नित्याचं म्हणणं बरोबर होतं. गेम सुरू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की हरेश तोवर चहा पिऊन यायचा. पण त्याचं काही नाही. थंडी पडायला लागली तशी नित्याची बोटं आखडायला लागली. गाडी पळवायचा बाण वरचा. त्यावर बोट सतत दाबून धरावं लागतं. नित्याचं बोट दाबलेलं राहीना. गाडी मधेच मंदावायची, थांबायची. पडदा स्वच्छ, रस्ता सुरेख, आणि गाडी भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभी.

एक दिवस असं तीन-चारदा झाल्यावर नित्यानं डोळे मिटून घेतले. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. मला वाटलं, आता हा कॉम्प्युटर बंद करायला सांगणार, पुन्हा कधी चालू न करण्यासाठी. हरेशनं स्टूल पुढे ओढलं, नित्याच्या हाताखालून आपला हात घातला आणि वरच्या बाणावर आपलं बोट ठेवलं.

"तू वळव. मी पळवतो."

"ब्रेक?"

"ब्रेक मारायचाच नाय."

डावा-उजवा बाण नित्याचा, वरचा हरेशचा. खालचा कुणाचाच नाही. सुरुवातीला गाडी सारखी दरीत जायची आणि दोघं एकमेकांना शिव्या द्यायचे. मग हळूहळू जमलं. वळण दिसलं की नित्या नुसता श्वास आत ओढायचा आणि हरेश बोट किंचित सैल करायचा. बोलावं लागायचं नाही. मी संसार केला, माझी आणि नवऱ्याची पंचवीसएक वर्षं एकत्र गेली, पण दोन माणसांचं इतकं जमलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

परवा ईराच्या उघड्या कॉम्प्युटरमध्ये मी डोकावून पाहिलं. ग्राफिक कार्ड आता उशीएवढं असतं. तिनं मला त्याचे गुण समजावून सांगितले. मी ऐकत होते. तिच्या मामाबद्दल तिला माहीत आहे, फोटो पाहिलेला आहे. आजारी होता आणि लवकर गेला, एवढं. नित्या विशीच्या अलीकडेच गेला. डॉक्टरांनी व्हरांड्यात सांगितलं होतं तसाच, पायांमागून हात, मग छाती. त्याचं जाणं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो, की ते झालं तेव्हा रडताना एक प्रकारची ओळख पटत होती. पण ग्राफिक कार्डाच्या त्या वर्षी आम्ही सगळे एकीकडे बघत उभे होतो आणि घाव आला भलतीकडून.

पौषातली गोष्ट. आई नेहमीसारखी सकाळी बाजारात गेली. मथुराबाईची जागा रिकामी होती. आईला वाटलं, आजारी असेल. शेजारच्या मासळीवालीला तिनं विचारलं, "मथुराबाई नाही आल्या?"

त्या बाईनं कोयता खाली ठेवला.

"तिचा पोरगा दर्यात गेला, ताई."

"मासेमारीला?" आईनं विचारलं. तिला अर्थच लागला नाही.

"नाय वं. गेला. जालं ओडताना दोरीत पाय गुतला. बाप देखत व्हता, पन काय करल? काल घिवलीच्या किनाऱ्याला लागला."

आई रिकामी पिशवी घेऊन घरी आली. मी कॉलेजला निघत होते. तिनं मला दारातच धरलं आणि कुजबुजत सांगितलं. मग आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो, कारण आत नित्या बसला होता. त्यानं आतून विचारलं, "आई, हरेश भेटला का बाजारात? आज येणार होता."

आईनं त्याच्यासमोर जमिनीवर बसून त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं. नित्या ऐकून म्हणाला, "कोण?" तिनं पुन्हा सांगितलं. "नाही, कोण?" तो पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा सांगण्याचं बळ तिच्यात नव्हतं. तिनं त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्याला हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवायचा होता. मला दिसत होतं, खांदा हलत होता. हात उचलला जात नव्हता. मी तो उचलून आईच्या केसांवर ठेवला.

त्यानंतर कॉम्प्युटरवर चादर पडली. नित्या खिडकीशी बसायचा, जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की डोळे मिटायचा. एकदाच बोलला. आई त्याला कुशीवर वळवत होती तेव्हा म्हणाला, "चूक झाली ना गं काहीतरी? नंबर माझा होता." आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. बाबा भिंतीकडे तोंड करून कपडे बदलत होते. बनियन अर्धा अंगात, अर्धा बाहेर, तसेच ते उभे राहिले.

आणि मग एका रविवारी सकाळी नित्या म्हणाला, "मला दांडीला जायचंय. हरेशच्या आईला भेटायला."

आई म्हणाली, "बाळा, तुझी खुर्ची वाळूत जायची नाही."

"मग बाबा, तुम्ही मला पाठीवर घ्या."

बाबांनी रिक्षा आणली.

दांडीच्या बाहेर रिक्षा थांबली आणि पुढची वाट वाळूची होती. बाबा गुडघ्यावर बसले, आईनं आणि मी नित्याला त्यांच्या पाठीवर चढवलं, त्याचे हात त्यांच्या गळ्याभोवती नेऊन मी ओढणीनं सैलसे बांधले, नाहीतर ते घसरले असते. असे आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना दोऱ्यांवर बोंबील लटकत होते, हजारो, शेपट्या खाली सोडलेले, वाऱ्यानं एकमेकांवर घासून खसखस वाजणारे. मधल्या फटींतून समुद्र दिसत होता. नित्या त्याच्याकडे बघत नव्हता. बाबांच्या खांद्यावर गाल टेकवून तो डोळे मिटून होता.

मथुराबाई दारातच बसली होती. काही करत नव्हती. आम्हाला बघून उठली, आतून चटई आणली, नित्याला भिंतीला टेकवून बसवायला स्वतः हात लावला. बाजारात जिचा आवाज चार दुकानं पलीकडे जायचा, तिला बोलताना ऐकू येण्यासाठी पुढे वाकावं लागत होतं. तिचा नवरा आत खाटेवर पाठमोरा पडला होता. तो उठला नाही. कोणी उठवलंही नाही.

पाणी झालं. आईनं डोळे पुसले. मग मथुराबाई नित्याच्या अगदी जवळ सरकली.

"येक इचारू बाबू? तो दर्यावरना आला की भात खाल्ला न खाल्ला, सायकल काडून पलायचा. मी बोलायची, कुटं रं येवडा? तर बोलायचा, नित्याकडं काम हाय. काय काम व्हता रं?"

नित्यानं सांगितलं. कॉम्प्युटर, गाडी, समुद्राकाठचा रस्ता. ती लक्ष देऊन ऐकत होती. कॉम्प्युटर तिनं कधी पाहिलाही नसावा. "माझी बोटं चालत नाहीत, मावशी," तो म्हणाला. "मी नुसती गाडी वळवायचो. पळवायचं काम हरेशचं होतं."

तिनं ते मनाशी घोळवलं. तिच्या मुलाचं दुसऱ्या एका घरात एक काम होतं, आणि ते त्याच्यावाचून अडलं होतं, हे तिला समजलं असावं. कारण तिनं लगेच, काळजीनं, विचारलं, "मग आता कोन पलवतो?"

नित्या खाली बघत राहिला. आईनं माझ्याकडे पाहिलं. कॉम्प्युटर किती दिवस चादरीखाली पडला आहे हे त्या बाईला सांगायचं कसं?

"मी पळवतो," बाबा म्हणाले.

नित्यानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

मथुराबाईनंही पाहिलं. मग पदर तोंडाशी नेत म्हणाली, "तो लय जोरात पलवायचा आसल. तुमी हलू पलवा, दादा."

"हो," बाबा म्हणाले. "हळू पळवीन."

परत येताना वारा सुटला होता. वाळू तापलेली. बाबांना दम लागला होता, ते मधे मधे थांबत होते. आई पुढे गेली होती, मी त्यांच्या मागोमाग चालत होते. एका ठिकाणी ते उभे राहिले, पाठीवरचं ओझं सावरलं आणि मान थोडी वळवून विचारलं, "नित्या, पळवायचं बटण कुठलं रे?"

नित्याचे खांदे हलायला लागले. एवढ्या दिवसांत तो रडला नव्हता. तो बाबांच्या मानेत तोंड खुपसून रडत होता, आणि ते वाळूत पाय रोवून, हात मागे घट्ट धरून, त्याचं होईपर्यंत उभे होते.

"वरचा बाण," तो शेवटी म्हणाला. "दाबून धरायचा, बाबा. सोडायचा नाही."